हीटमध्ये हळू, फायनलमध्ये सुसाट: मुलगा बाद का झाला?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, विशेष शाळेत जातो. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जिल्हा स्पर्धेत १०० मीटरच्या सकाळच्या हीटमध्ये त्याला २०.४ सेकंद लागले, दुपारच्या फायनलमध्ये १६.९. सगळ्यांच्या पुढे पहिला आला आणि पंचांनी बाद ठरवलं. मेडल नाहीच, हातात एक रिबन दिली. जोरात धावणं हा गुन्हा आहे का? आणि एवढा पळतो, तर त्याला पॅरालिम्पिकला पाठवता येईल का? जाता जाता, माझ्या भाच्याला डिस्लेक्सिया आहे. त्यालाही या स्पर्धेत उतरवता येईल का?"

ताई, तुमचा राग मला समजतो. गळ्यात मेडल पडायची वाट बघत उभ्या असलेल्या मुलाला रांगेतून बाजूला घ्यायचं काम मी पंच म्हणूनही केलंय आणि प्रशिक्षक म्हणूनही. ते त्याला कसं समजावून सांगायचं, हे कुठल्याच नियमपुस्तकात लिहिलेलं नसतं. तरीही तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून पंचांनी नियम बरोबर लावला, एवढं स्पष्ट सांगतो. हीटपेक्षा फायनलमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त सुधारणा झाली तर खेळाडू बाद होतो. २०.४ चे पंधरा टक्के म्हणजे ३.०६. ते वजा केले की उरतात १७.३४. १७.३४ पेक्षा कमी वेळ लागला नसता तर मेडल त्याचंच होतं. १६.९ ला रेषा ओलांडली आणि तो त्या हद्दीबाहेर गेला. या नियमाला 'मॅक्झिमम एफर्ट रूल' म्हणतात. तो मुळात आहे कशासाठी, हे कळायला आधी आपल्याकडे फायनल कशा लावतात ते बघावं लागतं.

नेहमीच्या शालेय स्पर्धेत हीट म्हणजे चाळणी. वरचे आठ पुढे जातात, बाकीचे घरी जातात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये हीटमधून कुणालाच घरी पाठवत नाहीत. तिथे हीट घेतात ती मुलांची बरोबरीच्या मुलांशी गाठ घालून देण्यासाठी. बौद्धिक दिव्यांग मुलांमध्ये क्षमतेचा पल्ला इतका मोठा असतो, की एकाच वयाचा एक मुलगा १०० मीटर चौदा सेकंदांत कापतो आणि दुसऱ्याला चाळीस लागतात. दोघांना शेजारशेजारच्या लेनमध्ये उभं केलं तर ती शर्यत राहतच नाही. १९६८ साली शिकागोच्या सोल्जर फील्डवर युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने ही चळवळ सुरू झाली. या चळवळीने यावर काढलेला तोडगा म्हणजे 'डिव्हिजनिंग'. आधी मुलगे-मुली वेगळे, मग वयोगट (वैयक्तिक खेळांत ८ ते ११, १२ ते १५, १६ ते २१, २२ ते २९ आणि ३० च्या पुढे), आणि मग क्षमता. एका गटात कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त आठ खेळाडू. गटातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात मागचा यांच्यात साधारण पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नको, असा संकेत आहे. मुलं कमी असली तर वयोगट एकत्र करतात, कधी मुलगे-मुलीही एकत्र धावतात. त्यामुळे हा पंधरा टक्क्यांचा संकेत गरजेनुसार ताणला जातो.

तुमच्या मुलाचंच उदाहरण घेऊ. इतरांच्या वेळा मी नमुन्यादाखल घेतोय. समजा १२ ते १५ वयोगटात अकरा मुलगे सकाळी धावले आणि वेळा अशा आल्या: १४.६, १५.२, १५.९, १६.५, १७.३, १८.१, १९.०, १९.८, २०.४, २१.७, २३.०. तंबूत बसलेला माणूस कॅल्क्युलेटर काढतो. १४.६ मध्ये पंधरा टक्के मिळवले की १६.७९ येतात. म्हणजे १६.५ पर्यंतचे चौघे पहिल्या डिव्हिजनमध्ये. पुढची डिव्हिजन १७.३ पासून सुरू. त्यात पंधरा टक्के मिळवले की १९.९ च्या आसपास, म्हणजे १९.८ पर्यंतचे चौघे तिथे. उरले तिघे: २०.४, २१.७ आणि २३.०. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तुमचा मुलगा सगळ्यात वेगवान म्हणून उभा आहे.

आता दुपार. तुमचा मुलगा १६.९ ला पोहोचतो. शेजारचा मुलगा सकाळी २१.७ ला आला होता. समजा तो जिवाच्या आकांताने धावून २१.२ ला आला. सकाळपेक्षा अर्धा सेकंद चांगला. त्याच्या आयुष्यातली ही बहुधा सगळ्यात चांगली धाव, आणि तरी तो चार सेकंदांहून जास्त मागे. पंधराव्या वर्षी १६.९ ला धावणारा मुलगा मुळात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असायला हवा होता, आणि तिथेही त्याने १७.३ वाल्याशी खांद्याला खांदा लावून शर्यत दिली असती. म्हणून नियम म्हणतो, की हीटपेक्षा फायनलमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त सुधारणा दिसली तर तो खेळाडू चुकीच्या गटात होता असं धरायचं. त्याला त्या प्रकारापुरतं बाद करून सहभागाची रिबन द्यायची आणि मेडल २१.२ वाल्याला. त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ती बाईही त्याच दिवशी मैदानावर असेल.

हा नियम आला त्यामागे एक वाईट सवय आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. काही प्रशिक्षक, आणि काही पालकही, सकाळी मुलाच्या कानात सांगतात, "आत्ता हळू पळ, दुपारी जोरात." बिचारा मुलगा सांगेल तसं करतो. सोपी डिव्हिजन मिळते, सोनं मिळतं, शाळेच्या अहवालात आकडा वाढतो. संस्थेचं नाव, पुढची निवड, कधी बक्षिसाची रक्कम, असं बरंच काही त्या आकड्याला चिकटलेलं असतं. तुमच्या मुलाला कुणी असं सांगितलं असेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण स्टॉपवॉच हेतू बघत नाही. मुद्दाम हळू धावलेला आणि झोपेत धावलेला, दोघांचा आकडा सारखाच दिसतो.

आणि झोपेतला हा प्रकार फार होतो. तालुक्याची मुलं पहाटे टेम्पोत किंवा एसटीत बसवून आणतात. नाश्ता झालेला असतो किंवा नसतो. फिट्सच्या गोळ्या चालू असणाऱ्या मुलांना सकाळी गुंगी असते. आठ वाजता मैदानावर उतरवलं की नऊ वाजता हीट. वॉर्मअप म्हणाल तर हात वर, हात खाली. मुलाला 'चाचणी' हा प्रकारच कळलेला नसतो. लोक नाहीत, बँड नाही, मेडल नाही, मग धावायचं कशाला? काही जण निम्म्या वाटेत थांबून बाजूच्या मित्राची वाट बघतात. मी एका मुलीला रेषेच्या दोन पावलं अलीकडे थांबून मागे वळताना पाहिलंय. मागे राहिलेल्या मैत्रिणीचा हात धरून तिला पलीकडे घेऊन जायचं होतं. दोघींच्या वेळा शेवटच्या डिव्हिजनच्या निघाल्या. दुपारी तिच्या बाबांनी कुंपणाबाहेरून नावाने हाका मारल्या आणि ती सुसाट सुटली.

नियमाच्या बाजूने एवढं बोललो, आता त्याच्या विरोधातही एक बोलतो. लांबच्या शर्यतीत हा हिशेब ठीक चालतो, पण आखूड शर्यतीत तो कच्चा पडतो. २५ मीटरला सहा सेकंद लागणाऱ्या मुलाचे पंधरा टक्के म्हणजे फक्त ०.९ सेकंद. वेळ हाताने घेतली जाते. सकाळी स्टॉपवॉचवर एक पंच, दुपारी दुसरा. एकाचं बोट शिट्टीवर दाबलं जातं, दुसऱ्याचं झेंडा खाली आल्यावर. त्यातच तीन-चार दशांश सेकंद इकडचे तिकडे होतात. त्यावर मुलाने सुरुवातीला अर्धा सेकंद जागेवर उभं राहून आजूबाजूला बघितलं की संपलं. माझं मत विचाराल तर ५० मीटरपर्यंतच्या शर्यतींत पंचांनी हा नियम यंत्रासारखा लावू नये. आयोजकांनी पंधराचे वीस किंवा पंचवीस टक्के करावेत आणि ते परिपत्रकात आधी छापावं. स्थानिक पातळीवर अशी लवचीकता ठेवतात, म्हणून स्पर्धेचं परिपत्रक हातात आलं की आधी हा आकडा शोधा.

आता पुढच्या वेळेसाठी. तुमच्या हातात सगळ्यात मोठं शस्त्र आहे ते एका फॉर्मचं, आणि ते पालकांना जवळपास कुणीच सांगत नाही. हीट झाल्यावर प्रशिक्षकाला वाटलं की मुलाची खरी क्षमता यापेक्षा बरीच जास्त आहे, तर फायनलच्या डिव्हिजन लागण्याआधी तो आयोजकांकडे सुधारित वेळ लिहून देऊ शकतो: 'हीटमध्ये २०.४, सरावातली वेळ १७.०, कृपया त्यानुसार गट द्यावा.' मग मुलगा वरच्या गटात जातो आणि बाद होण्याची भीती बरीचशी जाते. ही जबाबदारी प्रशिक्षकाची. पण तो वीस मुलं घेऊन आलेला असतो, पाण्याच्या बाटल्यांपासून हरवलेल्या बुटांपर्यंत सगळं बघत असतो. तुम्ही कुंपणाबाहेर असाल तर हीटची वेळ जाहीर होताच त्याला गाठा आणि आठवण करा.

सुधारित वेळ लिहून द्यायची तर ती खरी हवी, आणि त्यासाठी नोंद हवी. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच मैदानावर, मोजून आखलेल्या १०० मीटरवर वेळ घ्या. स्टॉपवॉच एकाच माणसाच्या हातात. मोबाइलचं चालतं. वहीत तारीख, वेळ, बूट घातले होते की अनवाणी, एवढंच लिहा. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी मुलांना अनवाणी धावायची सवय असते. स्पर्धेच्या दिवशी कुणीतरी हौसेने नवे स्पोर्ट्स शूज घालतं आणि मुलगा सकाळी पायाकडे बघत धावतो. दुपारी चावतात म्हणून बूट काढतो, आणि तिथेच तीन सेकंद वाचतात. स्पर्धेत जे घालायचं ते महिनाभर आधीपासून सरावात घाला.

दुसरं, रेषेपलीकडे धावायला शिकवा. आमची मुलं रेषेवर येऊन थांबतात, कारण आपण 'रेषेपर्यंत पळ' असं सांगतो आणि ती सांगितलेलं शब्दशः पाळतात. शेवटच्या चुन्याच्या रेषेच्या दहा मीटर पुढे स्वतः उभे राहा, हात पसरून, आणि 'माझ्यापर्यंत ये' म्हणा. सरावातच ही सवय लागली पाहिजे. स्पर्धेत तुम्हाला किंवा प्रशिक्षकाला धावपट्टीवर जाता येत नाही, बाजूने सोबत धावताही येत नाही. तसं केलं तर तो अडथळा किंवा मदत धरली जाते. पूर्ण दृष्टिहीन खेळाडूला दोरी किंवा घंटेची मदत मिळते, दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा खेळाडूला सुरुवातीला खांद्यावर थाप. पण ते आधी कळवलेलं असावं लागतं.

तिसरं, सुरुवातीचा आवाज. क्लॅपर असो, पिस्तूल असो की शिट्टी, जो आवाज होणार तोच घरी ऐकवा. फटाक्यासारख्या आवाजाने कान झाकून खाली बसणारी मुलं आहेत, आणि मोठा आवाज म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजून जागेवर थिजणारीही. 'सेट' म्हटल्यावर थांबणं हेही वेगळं शिकवायला लागतं. त्याला स्टार्टिंग ब्लॉक वापरायची सक्ती नाही. उभ्याने सुरुवात केली तरी चालतं. ब्लॉकवरून अडखळणाऱ्या मुलाला उभंच राहू द्या.

चौथं सोपं आहे. हीटलाच फायनल समजायला शिकवा. शाळेत दर महिन्याला सकाळी एक, दुपारी एक अशा दोन धावा लावा, आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजवा. बक्षीस द्यायचं तर सकाळच्या धावेला द्या. मुलाच्या डोक्यात 'सकाळ फुकट' हे बसूच देऊ नका.

निकालावर हरकत घ्यायची तर ती मुख्य प्रशिक्षकाने, लेखी आणि ठरलेल्या वेळेत घ्यायची असते. पालकाने तंबूत जाऊन आवाज चढवण्याचा उपयोग होत नाही, आणि मुलाला ते दिसतं. 'मुलगा रेषेवर पुढे होता', 'दुसऱ्याने लेन बदलली' अशा पंचाच्या नजरेच्या निर्णयांवर सहसा हरकत घेत नाहीत. नियम लावण्यात चूक झाली असेल, म्हणजे दुसऱ्याच मुलाची हीटची वेळ तुमच्या मुलाच्या नावापुढे लागली असेल, किंवा टक्केवारीचं गणित चुकलं असेल, तर जरूर घ्या. नंबर पिनवरून सुटून पडला आणि कार्ड बदललं, असं होतं. तुमच्या बाबतीत गणित बरोबर आहे, मात्र २०.४ ही वेळ त्याचीच होती का, एवढं प्रशिक्षकाकडून खात्री करून घ्या.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा वाईट वाटेल. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड करताना 'जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान' असा निकष नसतो. ज्यांनी आपापल्या डिव्हिजनमध्ये सुवर्ण मिळवलं, ते सगळे एका रांगेत येतात. मग ते १४ सेकंदांचं सुवर्ण असो की ४० सेकंदांचं. जागा कमी असल्या तर चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. पालकांना हे पटायला वेळ लागतो, मलाही सुरुवातीला विचित्र वाटलं होतं. पण वेगावर निवड केली असती तर मागच्या डिव्हिजनमधलं मूल आयुष्यात कधीच जिल्ह्याबाहेर गेलं नसतं. चिठ्ठीमुळे ४० सेकंदांत धावणारी मुलगी विमानात बसते. मला हा नियम सगळ्या नियमांत आवडतो.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. २०२३ साली बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्स जागतिक स्पर्धेतून भारतीय खेळाडूंनी २०२ पदकं आणली: ७६ सुवर्ण, ७५ रौप्य, ५१ कांस्य. पुढच्याच वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताला २९ पदकं मिळाली, आणि ती आपली तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती. एवढा फरक का, हे आता तुम्हीच सांगू शकाल. बर्लिनमध्ये एकाच १०० मीटरच्या कितीतरी डिव्हिजन, प्रत्येकीत तीन पदकं. पॅरिसमध्ये एका प्रकाराला एकच फायनल, जगात तीनच पदकं. वर्तमानपत्रं दोन्ही बातम्या एकाच मथळ्याच्या साच्यात छापतात आणि मग घराघरांत घोटाळा होतो. दोन्ही संस्था वेगळ्या, दोन्हींचे नियम वेगळे. मात्र एकीकडे खेळला म्हणून दुसरीकडचं दार बंद होत नाही.

पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी अगदी मोजके प्रकार आहेत. ॲथलेटिक्समध्ये टी-२० या वर्गात ४०० मीटर, १५०० मीटर आणि लांब उडी, एफ-२० मध्ये गोळाफेक. जलतरणात एस-१४ वर्ग, टेबल टेनिसमध्ये क्लास ११. तुमच्या मुलाची १०० मीटर त्यात नाही. आपल्या देशातून या वाटेने गेलेलं सगळ्यात ठळक नाव म्हणजे तेलंगणाच्या वारंगळ जिल्ह्यातली दीप्ती जीवनजी. मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे तिने ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत धावून टी-२० चा विश्वविक्रम केला, आणि पॅरिसमध्ये ५५.८२ सेकंदांत कांस्य मिळवलं. पॅरालिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली बौद्धिक दिव्यांग भारतीय खेळाडू. पॅरिसची ती फायनल बघा. पहिल्या तिघींमध्ये सेकंदाचाही फरक नव्हता.

तुमचा मुलगा १०० मीटरला १६.९ घेतो. त्याच वेगाने चार वेळा धावला, जे कुणालाच शक्य नसतं, तरी ६७ सेकंदांच्या पुढे जातो. पुरुषांच्या टी-२० मध्ये पदकासाठी पन्नासच्या बऱ्याच आत यावं लागतं. पंधराव्या वर्षी हे अंतर भरून निघूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी आठवड्यातून पाच-सहा दिवस, ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षकाकडे, वर्षानुवर्षं सराव लागतो. विशेष शाळेतल्या खेळाच्या तासावर ते होत नाही. आधी एकदा त्याची ४०० मीटरची वेळ घ्या, मग आपण बोलू.

कागदपत्रांची बाजूही वेगळी आहे. स्पेशल ऑलिम्पिक्ससाठी मान्यताप्राप्त संस्थेचं किंवा तज्ज्ञाचं निदान, भरलेला वैद्यकीय फॉर्म आणि आठ वर्षं पूर्ण वय, एवढ्यावर मूल स्पर्धेत उतरतं. पॅरालिम्पिकच्या वाटेवर आधी 'व्हर्टस' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषांतून जावं लागतं: बुद्ध्यांक ७५ किंवा त्याखाली, रोजच्या व्यवहारात लक्षणीय मर्यादा, आणि हे सगळं वाढीच्या वयातच दिसलेलं असल्याचा पुरावा. बुद्ध्यांक मोजलेला हवा वेक्स्लरसारख्या जगभर मान्य असलेल्या चाचणीने, संपूर्ण अहवालासह. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरचा टक्क्यांचा आकडा तिथे पुरत नाही. त्यानंतर त्या खेळासाठी वर्गीकरण होतं, त्यात आकलनाच्या चाचण्या असतात आणि प्रत्यक्ष स्पर्धेतली कामगिरीही बघतात.

एवढी कडक छाननी का, त्याला सिडनी कारण आहे. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बौद्धिक दिव्यांग बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं. संघातलाच एक खेळाडू, कार्लोस रिबागोर्दा, पत्रकार निघाला. त्याने लिहिलं की बारापैकी दहा जणांना कसलंही बौद्धिक दिव्यांगत्व नाही, कुणी चाचणीच घेतली नव्हती. पदकं परत गेली. पण शिक्षा झाली ती खऱ्या खेळाडूंना. त्यांचे सगळे प्रकार पॅरालिम्पिकमधून काढून टाकले. अथेन्स आणि बीजिंग ही दोन्ही पॅरालिम्पिक त्यांच्या पदकांशिवाय झाली, आणि २०१२ च्या लंडनमध्ये ते परतले तेही फक्त तीन खेळांत. बास्केटबॉल अजून परतलेलं नाही. जिल्हा स्पर्धेच्या तंबूत कुणी 'चालतंय हो, एवढं काय' म्हणालं की मला स्पेन आठवतं.

दरवर्षी ३ डिसेंबरच्या आसपास जिल्हा पातळीवर दिव्यांगांच्या ज्या क्रीडा स्पर्धा होतात, त्या पुन्हा वेगळ्या. तिथे दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार आणि वयानुसार गट असतात, डिव्हिजनिंग नसतं, सगळ्यात पुढचा तो पहिला. तिथे तुमचा मुलगा १६.९ ला धावून बेधडक मेडल घेऊन येऊ शकतो. दोन्हीकडचे नियम एकमेकांना लावू नका.

पालक हल्ली हटकून भालाफेक मागतात, नीरज चोप्राचा परिणाम. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये नेहमीचा भाला, थाळी, हातोडा आणि बांबू उडी सुरक्षेसाठी ठेवलेलीच नाही. हलका मिनी भाला आहे, तो चालतो. तुमच्या मुलाच्या वर्गात डाऊन सिंड्रोमची मुलं असतील तर त्यांच्या आयांना एक निरोप द्या: मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही मुलांत सैल असतो. चालताना तोल जाऊ लागणं, हातापायांत अशक्तपणा, मान दुखणं, लघवीवरचा ताबा नव्यानेच सुटणं, यातलं काही दिसलं तर सराव थांबवून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची. उंच उडी, जिम्नॅस्टिक्स आणि सूर मारून पाण्यात उतरणं याबाबत विशेष सांभाळायचं.

राहिला भाचा. आपल्याकडे गोंधळ होण्याचं कारण कायद्यातच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, आणि स्वमग्नता या दोन्ही 'बौद्धिक दिव्यांगत्व' या शीर्षकाखाली टाकल्या आहेत. त्यामुळे कार्डावर ते शब्द येतात आणि पालकांना वाटतं की दार उघडलं. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या निकषांत मात्र नुसती अध्ययन अक्षमता बसत नाही. शिकण्याची गती सर्वसाधारणपणेच कमी आणि रोजच्या जगण्यातही मर्यादा, असं दोन्ही लागतं. नुसत्या शारीरिक किंवा वर्तनाच्या अडचणीवरही प्रवेश नाही. भाच्याला खेळाडू म्हणून नाव घालायला कुणी कितीही आग्रह केला तरी घालू देऊ नका.

पण तो मैदानाबाहेर बसायची गरज नाही. 'युनिफाइड स्पोर्ट्स' हा प्रकार त्याच्यासारख्यांसाठीच आहे. त्यात बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि स्पेशल ऑलिम्पिक्सच्या निकषांप्रमाणे बौद्धिक दिव्यांगत्व नसलेले जोडीदार एकाच संघात खेळतात. पाच जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर तीन खेळाडू आणि दोन जोडीदार, व्हॉलीबॉलमध्ये तीन-तीन. जोडीदार वयाने आणि कौशल्याने जवळपासचाच हवा. जोडीदाराने सगळा खेळ आपल्याच पायात ठेवला तर ते नियमाविरुद्ध धरतात. भाचा त्याच वयाचा असेल आणि फार वेगळ्या वेगाने धावत नसेल, तर शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना ४ बाय १०० युनिफाइड रिलेबद्दल विचारा. दोन खेळाडू, दोन जोडीदार, चौघांनी कुठल्याही क्रमाने धावायचं. बॅटन देणं-घेणं दोघा भावांना सुट्टीत घरामागच्या गल्लीतसुद्धा बसवता येईल. घेणाऱ्याने मागे न बघता हात मागे धरायचा आणि देणाऱ्याने 'घे' असं ओरडायचं. आधी चालत चालत करा, मग धावत. तुमच्या मुलाला तिसरा किंवा चौथा टप्पा द्या, सुरुवातीच्या पिस्तुलाची भानगड नको. आणि त्याची १०० मीटरची आजची खरी वेळ येत्या रविवारी घेऊन वहीत लिहून ठेवा, रिलेच्या नोंदणीतही तीच द्यायची आहे.